साडेपाच महिन्यांचं बाळ आणि साडेचार हजारांचा खोका

ताई नमस्कार,
मी चिंचवडला राहते. मुलगी साडेपाच महिन्यांची आहे, घरी तिला चिऊ म्हणतो. पस्तिसाव्या आठवड्यात झाली, चार दिवस पेटीत होती, आता छान आहे, वजन वाढतंय. मिस्टर चाकणला शिफ्टमध्ये, सासूबाई साताऱ्याहून मदतीला आल्यात. माझी २६ आठवड्यांची रजा संपत आली, पुढच्या महिन्यात जॉइन व्हायचंय आणि झोप उडालीये. इन्स्टावर सारखं तेच येतं, सेन्सरी प्ले, म्हणजे बघणं-ऐकणं-स्पर्श यांचे खेळ, केलं नाही तर मेंदूची वायरिंग होत नाही, पाच वर्षांत नव्वद टक्के मेंदू तयार होतो, मग संपलं. शेजारच्या विंगमधला मुलगा चिऊएवढाच आहे, त्याला सेन्सरी क्लास लावलाय, तो पालथा पडतो, चिऊ अजून नाही. घाबरून मी साडेचार हजारांचा सेन्सरी बॉक्स मागवला. त्यात काळी-पांढरी कार्ड्स, आरसा, लाकडी रिंग, म्युझिकचं खेळणं, पाण्यात फुगणारे रंगीत मणी आणि रंगीत तांदूळ आहेत. कार्ड दाखवलं की चिऊ तोंड फिरवते, म्युझिक लावलं की रडते. ऑटिझम तर नाही ना? एरवी हसते, बाबांच्या बाईकचा आवाज आला की दाराकडे बघते, माझे केस ओढते. हाताला लागेल ते तोंडात घालते आणि सासूबाई ते ओढून काढतात. त्या म्हणतात आमची पोरं काय खोक्यातल्या खेळण्यांनी मोठी झाली का. त्या काजळ घालतात, धुरी देतात, ते पटत नाही पण बोलता येत नाही. मी ऑफिसला गेल्यावर ती मागे पडेल का? घरच्या घरी नक्की काय करू?
— चिऊची आई

अगं चिऊच्या आई, आधी एक वजाबाकी करू, बाकीचं सगळं नंतर.

पस्तिसाव्या आठवड्यात झाली म्हणजे चाळीसला पाच कमी. बाळ लवकर झालं असेल तर त्याची वाढ बघताना तेवढे आठवडे वयातून वजा करायचे असतात, डॉक्टर त्याला करेक्टेड एज म्हणतात आणि साधारण दोन वर्षांपर्यंत तेच धरतात. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच, तिथे वजाबाकी नाही. तर तुझी चिऊ कॅलेंडरवर साडेपाच महिन्यांची असली तरी पालथं पडणं, बसणं, वस्तू धरणं या हिशोबात ती सव्वाचार महिन्यांची आहे. पालथं पडणं बहुतेक मुलांना चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान कधीतरी जमतं. शेजारचा मुलगा पूर्ण दिवसांचा असेल तर तो तिच्यापेक्षा सव्वा महिन्याने मोठा आहे, आणि या वयात सव्वा महिना म्हणजे खूप झाला गं. हे तुला डिस्चार्जच्या वेळी कोणीतरी नीट सांगायला हवं होतं, सांगितलं नसेल तर आता पुढच्या चेकअपला फाईलवर करेक्टेड वय लिहूनच घे.

आता कार्ड्सचं. तान्ह्या बाळाला सगळ्यात स्पष्ट दिसतं ते २०-३० सेंटीमीटरवरचं, म्हणजे पाजताना आईचा चेहरा जितका लांब असतो साधारण तितकं. त्याच्या पलीकडचं धूसर, आणि रंगांतले बारीक फरकही कळत नाहीत, म्हणून ठळक काळं-पांढरं त्यांची नजर धरून ठेवतं. ती कार्ड्स पहिल्या दोन-तीन महिन्यांसाठी असतात. चिऊला आता रंग दिसतात, खोलीच्या दुसऱ्या टोकाला हलणारा पडदा दिसतो, तुझ्या कानातलं दिसतं, आणि तू तिच्यापुढे काळे चौकोन धरतेस. दहावीतल्या मुलीपुढे बालवाडीचं पुस्तक ठेवलं तर ती काय करेल? तोंडच फिरवेल ना.

पण कंटाळा हे झालं एक कारण. दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ज्या बाळाला बोलता येत नाही, उठून जाता येत नाही, त्याच्याकडे "पुरे आता" म्हणायला काय काय असतं ते बघ. मान फिरवणं, नजर चुकवणं, जांभई, उचकी, बोटं फाकवून हात ताठ करणं, पाठीची कमान, डोळे उघडे पण नजर कुठेतरी हरवलेली, आणि यातलं काहीच समोरच्याला कळलं नाही की शेवटी रडणं. लवकर झालेली बाळं जरा लवकर दमतात, आवाज-उजेड-हालचाल एकदम अंगावर आली की त्यांना झेपत नाही. आता तुझा तो खेळाचा सीन डोळ्यापुढे आण, कार्ड नाकासमोर, बाजूला बॅटरीवरचं म्युझिक चालू, वर ट्यूबलाइट, आणि तू स्वतः टेन्शनमध्ये की बघतेय का नाही बघत. ती रडली हे तिने तुला अगदी बरोबर सांगितलं की एका वेळी एकच काय ते दाखव आणि आवाज बारीक कर. तिने मान फिरवली की तूही थांबायचं, तिची मान परत तिच्या बाजूने वळवायची नाही, दुसरं खेळणं पुढे करायचं नाही, नुसतं बसायचं. बऱ्याचदा थोड्या वेळाने ती आपणहून परत तुझ्याकडे बघते आणि तेव्हा खेळ पुढे चालू. माझं म्हणशील तर सेन्सरी प्लेमधलं शिकण्यासारखं हे एवढंच आहे, ते आईबाबांनी शिकायचंय आणि त्याला खोका लागत नाही.

ऑटिझमबद्दल. कार्डाकडे बघत नाही यावरून काहीही ठरत नाही. तू दुसऱ्याच ओळीत लिहिलंयस की हसते, बाईकच्या आवाजाला दाराकडे बघते, केस ओढते. या वयात माणसांकडे बघून हसणं, आवाजाकडे वळणं, समोरचं हाताने पकडायला जाणं हेच तर बघायचं असतं, आणि ते ती करतेय.

ही नव्वद टक्क्यांची भीती येते कुठून तेही सांगते, कारण ते कळल्याशिवाय तू रील बघायची थांबणार नाहीस. नव्वद टक्के हा आकडा मेंदूच्या आकाराचा आहे. पाच वर्षांच्या मुलाचा मेंदू आकाराने मोठ्या माणसाच्या मेंदूच्या जवळपास पोचलेला असतो, इतकंच, शिकणं नव्वद टक्के संपलं असं कुणीही म्हटलेलं नाही. पहिली वर्षं महत्त्वाची आहेत यात वादच नाही, पण महत्त्वाची म्हणजे महागडी असं कधी ठरलं? आणि "भरपूर स्टिम्युलेशन द्या" या बोलण्यामागे जे जुने प्रयोग आहेत ना, त्यातले गाजलेले प्रयोग उंदरांवरचे आहेत, १९६० च्या दशकातले, अमेरिकेतल्या बर्कलीच्या विद्यापीठातले. मार्क रोझेन्झ्वाइग, मॅरियन डायमंड वगैरे मंडळींनी काही उंदीर कोऱ्या पिंजऱ्यात एकेकटे ठेवले आणि काही मोठ्या पिंजऱ्यात, सोबतीला बाकीचे उंदीर, शिड्या, चाकं, बदलती खेळणी. दुसऱ्या उंदरांच्या मेंदूचा बाहेरचा थर जाड भरला. प्रयोग खराच आहे. पण तुलना कुणाशी केली ते बघ, कोऱ्या पिंजऱ्यातल्या एकट्या उंदराशी! तुझ्या घरात आई, बाबा, आजी, कुकरच्या शिट्ट्या, भाजीवाल्याची हाळी, गॅलरीतली तुळस, बाबांची बाईक. हा कोरा पिंजरा आहे का? रीलवाले तुला घाबरवतात त्या पहिल्या पिंजऱ्याने, आणि तू बाळाला घेऊन राहतेयस दुसऱ्यात.

मोझार्टचं संगीत ऐकवलं की बाळ हुशार होतं म्हणतात ना, त्याचंही तसंच झालं होतं, त्यामागचा १९९३ चा अभ्यास कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर होता, बाळांचा त्यात संबंधच नव्हता, तरी जगभर तान्ह्या पोरांच्या उशाशी सीडी वाजल्या. असो.

आता "नक्की काय करू" यावर येते. आमटीची एक स्टीलची वाटी घे. कडा गोल दुमडलेली, कुठे पत्रा निघालेला नको, स्वच्छ धुतलेली. चिऊची झोप झालेली, पोट भरलेलं, लंगोट कोरडा, अशा वेळी तिला मांडीवर पाठ टेकवून बसव आणि वाटी तिच्या छातीसमोर धर. हातात कोंबू नकोस. आधी ती नुसती बघेल, बराच वेळ बघेल, तुला वाटेल काही होतच नाहीये. मग एक हात हलेल, वाटीवर आपटेल, निसटेल, परत येईल, बोटं कडेवर अडकतील आणि वाटी थेट तोंडात. स्टील गार असतं. त्या गारव्याला तिच्या भुवया वर जातात, ती क्षणभर थबकते, वाटी बाहेर, परत आत. आता तुझ्या हातातल्या चमच्याने वाटीवर एकदाच टण्ण करून थांब. एकदाच हं, ढोल नको. ती तुझ्या तोंडाकडे बघेल, मग वाटीकडे, कदाचित काहीतरी आवाज काढेल, तो आवाज तू तिच्यासारखाच काढून दाखव. तोवर वाटी हातातल्या उबेने कोमट झालेली असते, हेही तिला कळतं. वाटी सुटून फरशीवर पडली की एक आवाज, सतरंजीवर पडली की दुसरा. आत्ता ती पडलेली वाटी शोधणार नाही, डोळ्यांआड गेली की तिच्या लेखी संपली. शोधायला लागेल सात-आठ महिन्यांनंतर, आणि तेव्हा मग मुद्दाम पाडून तुझ्याकडे बघणं आणि तू उचलून देणं हाच घरातला मुख्य उद्योग होऊन बसतो, तयारी ठेव. बघणं, पकडणं, गार-गरम, जड-हलकं, आवाज, चव, आणि समोरच्या माणसाशी गप्पा, एवढं सगळं एका वाटीत झालं. पाच-सात मिनिटं झाली आणि मान फिरवली की संपलं, वाटी धुऊन परत मांडणीवर.

असंच गोधडीचं. सासूबाईंनी साताऱ्याहून आणलीच असेल, नसेल तर मागव. जमिनीवर गोधडी अंथर आणि चिऊला तिच्यावर पोटावर ठेव. जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा, शेजारी जाडसर शर्टाचं कापड, मधून धावदोऱ्याचे उंचसखल टाके, बाळाची बोटं त्या टाक्यांवरून कशी फिरतात ते जवळ आडवं पडून बघ, गंमत वाटेल तुला. जागेपणी पोटावर ठेवणं आता तिच्यासाठी सगळ्यात कामाचं आहे, मान-खांदे-पाठ त्यानेच तयार होतात आणि पालथं पडणं त्यातूनच येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांत अजून रांगत नसलेल्या बाळासाठी दिवसभरात मिळून निदान अर्धा तास असं दिलंय, तो तुकड्या-तुकड्यांनी, दोन मिनिटं, पाच मिनिटं असा झाला तरी चालतो. सलग अर्धा तास ठेवलंस तर चिऊ घर डोक्यावर घेईल. पाजल्या-पाजल्या नको, उलटी होते. कुणीतरी समोर हवंच, आणि झोप लागली की लगेच पाठीवर, झोपायचं कायम पाठीवर. वॉकर मात्र कोणी भेट दिला तरी घरात आणू नकोस, त्याने चालणं लवकर येत नाही आणि पडापडी होते ती वेगळीच.

तोंडात घालणं थांबवू नकोस, सासूबाईंनाही सांग. या वयात ओठ आणि जीभ हीच तिची तपासायची हत्यारं, हातापेक्षा तिथे जास्त कळतं. ओढून काढलं की तिची तपासणी अर्धवट राहते आणि आपण दिवसभर पोलीस होऊन बसतो. त्यापेक्षा हाताशी काय पडू द्यायचं ते आपण ठरवायचं. साधारण चार सेंटीमीटर रुंद नळीतून जी वस्तू आरपार जाईल ती बाळाजवळ नको, हा नियम लक्षात ठेव. आपल्या घरात म्हणजे टिकल्या, सेफ्टी पिना, नाणी, शेंगदाणे, साबुदाणा, तुटलेल्या बांगडीचे तुकडे, फुटलेल्या फुग्याचं रबर, आणि रिमोटमधले, गाणाऱ्या खेळण्यांतले ते चपटे बटण सेल, ते गिळले गेले तर आतून भाजतं, तो सरळ इमर्जन्सीचा मामला. गळ्यात काळ्या मण्यांचा दोरा असेल तर काढ, मनगटात राहू दे, पण तिथलेही मणी महिन्यातून एकदा ओढून बघ. पैंजणाचे घुंगरूही सुटतात.

आता मला सासूबाईंची बाजू घ्यायचीये. तू लिहिलं नाहीस पण अंघोळ त्याच घालत असणार, पाय लांब करून, पायांवर चिऊला आडवं घेऊन, बरोबर? अगं ते क्लासवाले जे चाळीस मिनिटांत करतात ते तुझ्या मोरीत रोज सकाळी होतंय. आधी कोमट खोबरेल तेल, अख्ख्या अंगावरून फिरणारा ओळखीचा हात, मग पायांवर पालथं टाकून पाठ चोळणं म्हणजे पोटावरचा व्यायाम आलाच, कोमट पाण्याची धार, डाळीच्या पिठाचा खरबरीतपणा, पंच्यात गुंडाळणं, आणि या सगळ्यावर त्यांची साताऱ्याकडची बडबड आणि ओव्या. त्यांना मुद्दाम सांग की बोलत राहा, तुमच्याच भाषेत बोला, म्हणजे ऑफिसला गेल्यावर मला ती काळजी राहणार नाही. तळहातावर बोट टेकवत मोराला चारा घालायचा खेळ, टाळ्या, पदराआड तोंड लपवून भ्वॉक, हे त्यांना तुझ्यापेक्षा चांगलं येतं.

काही गोष्टी मात्र बंद करायच्या. नाक दाबून सरळ करणं, कानात-नाकात तेल, हातपाय मागे ओढणं, पाय धरून उलटं लटकवणं, हवेत उडवणं, छाती पिळणं, हे अजिबात नाही. पावडर नाही, ती नाकात जाते. धुरी नाही, धूर तो धूर, ओव्याचा असला तरी, आणि लवकर झालेल्या बाळाच्या छातीला तर नाहीच नाही. कापराची पुरचुंडीही गळ्यात किंवा उशाशी नको, कापूर पोटात गेला तर बाळाला झटके येऊ शकतात. काजळात शिसं निघू शकतं, शिवाय बोटाने डोळ्यात जंतू जातात ते वेगळंच. नजरेसाठी तीट हवीच म्हणाल्या तर कानामागे लावू देत, तळपायाला नको, महिनाभरात पायाचा अंगठा तोंडात येणार आहे.

वासासाठी वेगळं काही मागवू नकोस. तुळशीचं पान चुरडून तुझी बोटं तिच्या नाकाजवळून हळूच फिरव, कोथिंबीर निवडताना एक काडी, लिंबाची साल लांबूनच. बाम, निलगिरी, अत्तर नको. भाजी निवडताना तिला शेजारी ठेव आणि काय करतेयस ते सांगत बस, "ही बघ मेथी, हिची मुळं तोडायची", आणि मध्ये थांब. हे मधलं थांबणंच आपण विसरतो, आपण बोलतच सुटतो. तिचं उत्तर यायला वेळ लागतो, ते हुंकार असेल, पाय झाडणं असेल, ते आलं की पुढचं वाक्य.

खोका आलाच आहे तर तो उघडून बसू. आरसा न फुटणाऱ्यातला असेल तर ठेव, पोटावर असताना समोर लाव, तिला स्वतःचं म्हणून कळणार नाही पण समोर एक बाळ आहे म्हणून मान वर धरून बघेल. लाकडी रिंग तोंडात घालायला उत्तम, फक्त रंग सुटतोय का आणि कुसळ आहे का ते ओल्या फडक्याने पुसून बघ. कार्ड्स पुढच्या कुणा बाळंतिणीला दे. म्युझिकच्या खेळण्याची बॅटरीची झाकणी स्क्रूने बंद होते का बघ, होत नसेल तर तो विषय संपला, होत असेल तर स्पीकरवर चिकटपट्टी लावून आवाज कमी कर आणि मग कधीमधी. रंगीत तांदूळ अडीच-तीन वर्षांपर्यंत माळ्यावर, आत्ता ते थेट तोंडात आणि नाकात जाणार. कोरडं पीठ खेळायला देतात तेही नको, कच्च्या पिठात जंतू असतात. आणि ते पाण्यात फुगणारे मणी, ते मात्र आजच्या आज बंद पिशवीत घालून कचऱ्यात, दुसऱ्या कुणाला देऊही नकोस. ते गिळले गेले तर आतड्यात फुगतात आणि एक्स-रेमध्येही सहसा दिसत नाहीत. लहान बाळाच्या खोक्यात ते घालणाऱ्याला मी काय म्हणावं, इथे लिहिता येत नाही. दर महिन्याला खोका यायचं सबस्क्रिप्शन घेतलं असशील तर ते रद्द कर, त्या पैशात चांगली मोठी सतरंजी येईल.

खेळायचं पाणी हवंय? बसता यायला लागली की पसरट परातीत बोटभर पाणी, तुझा एक हात कायम तिच्या पाठीशी. परातीपाशी बाळाला सोडून फोन घ्यायला जायचं नाही, इतक्याशा पाण्यातही बाळ बुडतं. आणि वरचं अन्न कधी चालू करायचं ते तुझ्या डॉक्टरांना विचार कारण ती लवकर झालीये, पण चालू झालं की नाचणीची पेज, मऊ वरण-भात, उकडलेलं रताळं यात तिचा हात जाऊ दे, तोंडाला-केसांना फासू दे, खाली जुना पेपर टाक. चिखल, माती, स्लाइम जे काय दाखवतात ते सगळं त्या ताटलीत झालं. मध मात्र वर्षाच्या आत बोटभरही नाही, चाटवायचं म्हणून कोणी आलं तरी नाही.

मोबाईलवरची गाणी बंद ठेवा. जागतिक आरोग्य संघटना वर्षाच्या आत स्क्रीन नकोच म्हणते, आपल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही दोन वर्षांपर्यंत नको म्हणते, आजोबांचा व्हिडिओ कॉल तेवढा चालतो. आणि हे आपल्यालाही लागू आहे बरं का. एडवर्ड ट्रॉनिक म्हणून एक मानसशास्त्रज्ञ, त्यांनी १९७० च्या दशकात एक साधा प्रयोग केला, आईने बाळाशी हसून-बोलून खेळायचं आणि मग अचानक चेहरा मख्ख करून नुसतं बघत राहायचं. काही महिन्यांची ती बाळं आधी हसून बघतात, हातवारे करतात, आईला परत बोलवायचा सगळा प्रयत्न करतात, आणि मग मान फिरवून रडकुंडीला येतात. फोनमध्ये बुडलेला चेहरा बाळाला साधारण तसाच दिसतो. आता यावरून नवीन गिल्ट घेऊन बसू नकोस, कुठल्याच आईचा चेहरा चोवीस तास फुललेला नसतो, तुटलेलं बोलणं परत जोडलं की बाळाला ते चालतं.

तू कामाला जाशील तेव्हा दिवस सासूबाईंचा आणि त्यात काळजी करण्यासारखं मला काही दिसत नाही. एकापेक्षा जास्त माणसांशी बाळाचं घट्ट जमतं, आईचं त्यात कमी होत नाही. घरी आलीस की हातपाय धुऊन आधी तिला घे, फोन पर्समध्येच राहू दे, स्वयंपाक अर्धा तास उशिरा झाला तर मिस्टर कुकर लावू शकतात, शिफ्ट दुपारची नसेल तेव्हा. काही "करून घेऊ" नकोस तिच्याकडून. संध्याकाळी बाळं तशीही दमलेली असतात, तेव्हा नुसतं गॅलरीत घेऊन उभं राहणं, रस्त्यावरचे दिवे, पंख्याचा वारा, तुझ्या अंगाचा वास, बास. मजेचे खेळ सुट्टीच्या सकाळी.

आता फाईल काढ. पेटीत राहिलेल्या बाळाची ऐकण्याची तपासणी व्हायला हवी, ओएई किंवा बेरा असं काही लिहिलेलं दिसतंय का बघ. बाईकच्या आवाजाला वळते हे चांगलंच आहे, पण त्याने तपासणी झाली असं होत नाही. नसेल तर करून घे, डोळ्यांचंही त्यांनाच विचार. पुढे कधी करेक्टेड पाच महिन्यांनाही मान धरत नसेल, मुठी कायम आवळलेल्या असतील, एकच हात वापरत असेल, अंग फार कडक किंवा फार ढिलं वाटत असेल, हसणं-वळणं येऊन परत गेलं असेल, तर महिना-दोन महिने वाट बघत बसू नकोस, दाखव. खर्चाचा प्रश्न असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली ही तपासणी आणि पुढचे उपचार फुकट आहेत, २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच तो सुरू झाला, आणि जिल्हा रुग्णालयात त्यासाठी वेगळं केंद्र असतं. अंगणवाडीताईंकडचं माता-बाल संरक्षण कार्डही घे, कोणत्या महिन्यात काय यायला हवं ते त्यात चित्रांनी दिलेलं असतं, सासूबाईंनाही वाचता येईल, वाचताना वजाबाकी तेवढी करायची.

आणि चेकअपला जाताना सासूबाईंना बरोबर ने. आत गेल्यावर काजळाचं आणि धुरीचं तू काढू नकोस, डॉक्टरांना आधीच फोनवर सांगून ठेव, तेच काढतील. वर त्यांच्यासमोरच म्हण की अंघोळ आई घालतात, त्यामुळे बाळाचं अंग बघा किती छान आहे. काजळ गेल्याचं फार वाईट वाटणार नाही मग.